शैलजाबाई समाचाराला आल्या तेव्हा

शैलजाबाई मुधोळकर आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चहा नाकारला. हैदराबादेत चहा नाकारणं ही साधी गोष्ट नाही. कोठीसारख्या भागात तर ती भांडणाची सुरुवात समजली जाते. मी पुन्हा विचारलं, "बाई, बिनसाखरेचा सांगू का?" त्या म्हणाल्या, "नक्को. अशा वेळी घेत नसतात." मग प्लास्टिकची एक खुर्ची त्यांनी स्वतःच ओढली, रक्त काढण्याच्या टेबलाजवळ बसल्या आणि रझिया आपांकडे पाहून हळूच विचारलं, "कैसा हुआ, आपा?"

रझिया आपा आमच्याकडे बावीस वर्षं रक्त काढतात. भलेभले पैलवान त्यांच्यासमोर डोळे मिटून बसतात. त्यांनी सुई खाली ठेवली आणि त्या बोलायला लागल्या. पाऊण तास बोलत होत्या.

काय चाललंय ते मला उशिरा उमगलं. ही बाई समाचाराला आली होती. ज्या घरी कोणी गेलंय तिथे आपण जातो, तशी. तिथे चहापाण्याला हात लावायचा नसतो, शहाणपण सांगायचं नसतं, 'कसं झालं?' एवढंच विचारायचं आणि घरच्यांना बोलू द्यायचं. ती माणसं तीच हकिगत दहाव्यांदा सांगतात आणि दहाव्यांदा सांगताना थोडी सावरतात. आमच्या घरांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत कोणी कचेरीत वापरील असं मला वाटलं नव्हतं. त्यातून बाईंना पाठवलं होतं आमच्या नव्या मालक कंपनीनं, आणि त्यांच्या ओळखपत्रावर 'मनोबल सल्लागार' असं छापलेलं होतं. या हुद्द्याचा माणूस चहा घेतो, प्रोजेक्टर मागतो आणि आपल्याला डोळे मिटायला सांगतो, असा माझा अनुभव.

आमचं काय गेलं होतं ते सांगायला हवं. कोठीतली ही रक्ततपासणीची प्रयोगशाळा एका डॉक्टरांनी चालवली. आम्ही त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचो. वयामुळे त्यांनी ती एका मोठ्या साखळी कंपनीला विकली. विकण्याबद्दल तक्रार नाही, माणूस थकतो. पण नवे मालक आले ते सनई-चौघडा घेऊन. पहिल्याच आठवड्यात 'परिवर्तनाचा उत्सव' झाला. फुगे आले. फुगे रबराचे आणि आमच्यातल्या एका तंत्रज्ञाला रबराची अॅलर्जी, त्यामुळे उत्सवात तो खाजवत उभा. प्रत्येकाच्या छातीवर 'आय अॅम चेंज' असा बिल्ला लावला गेला. बेगम बाजारातला एक म्हातारा व्यापारी रझिया आपांसमोर बसला, त्यानं चष्मा वर करून बिल्ला वाचला आणि सुट्ट्यांसाठी पाचशेची नोट पुढे केली. आपांनी तो बिल्ला काढला तो पुन्हा लावला नाही. वरिष्ठांच्या कागदावर याची नोंद 'परिवर्तनाला विरोध' अशी झाली.

मी तेव्हा रिपोर्ट विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी आणि एक प्रिंटर. व्यवस्थापनावरची पुस्तकं मी वाचतो. काही लोक भुताखेतांच्या गोष्टी वाचतात त्याच आवडीनं. त्यामुळे बाईंच्या खुर्चीशेजारून मी उगाचच कागद घेऊन जात-येत राहिलो. कुठेतरी पितळ उघडं पडेलच अशी माझी खात्री होती.

ते पडेना. बाई रोज सकाळी यायच्या, एकेका टेबलाजवळ बसायच्या. वही नाही, फॉर्म नाही. वय पासष्टच्या पुढे, फिकट सुती साडी, पायात मोजे घालून चपला. मराठी ऐकताच मला म्हणाल्या, "तुम्ही कुलकर्णी का? म्हणजे घरात एक वकील, एक मास्तर आणि एक कचेरीतला. तुम्ही तिसरे." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" "आमचे वडील कोर्टात. उर्दूत निकाल लिहायचे आणि मराठीत चिडायचे. मला दुसरं जमलं."

चिडताना मात्र त्या दिसल्या नव्हत्या. तीस वर्षं त्या एका सरकारी कारखान्यात कामगार-कल्याण अधिकारी होत्या. कोणाच्या घरी मरण झालं की कारखान्यातर्फे जायच्या. पुढे कारखान्याचा एक एक विभाग बंद होत गेला, तेव्हा त्यांनी हीच रीत तिथेही वापरली. "विभाग गेला म्हणजे माणूस गेल्यासारखंच असतं हो," त्या म्हणायच्या. "लोक म्हणतात पुढे बघा. अरे, आधी मागचं तरी बघू द्या! तेरा दिवस तर देवानं पण दिलेत." मला हे पटायला लागलं होतं, आणि पटायला लागल्याचा रागही येत होता. संशयी माणसाची ही जुनी अडचण आहे.

सगळ्यात शेवटी त्या यादगिरीच्या टेबलाकडे गेल्या.

यादगिरी आमचा सूक्ष्मदर्शकावरचा माणूस. मोठ्या डॉक्टरांच्या काळी आमच्याकडे एक पद्धत होती, तिला 'दुसरी नजर' म्हणायचे. एखाद्या काचपट्टीवर काही वेगळं दिसलं की पहिल्यानं काय पाहिलं ते बोलायचं नाही. पट्टी शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर न्यायची, दुसऱ्यानं कोऱ्या मनानं बघायची आणि दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या जुळल्या तर रिपोर्ट, नाहीतर मोठे डॉक्टर. यात पाच मिनिटं जास्त जायची. ज्याला ही दुसरी नजर द्यायला बोलावलं जाई, तो दिवसभर जरा ताठ चालत असे. नवीन लागलेल्या मुलीनं पहिल्यांदा यादगिरीच्या विरुद्ध चिठ्ठी लिहिली आणि ती बरोबर निघाली, तेव्हा यादगिरीनंच सगळ्यांना इराणी हॉटेलातून बिस्किटं आणली होती.

कंपनीनं हे बंद केलं. हुकुमात 'दुहेरी काम' असा शब्द होता. दुसरा सूक्ष्मदर्शक उचलून नेला. तो मोडीत गेला असता तर मी समजू शकलो असतो. तो मुख्य कार्यालयाच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवला आहे, वर दिवा, खाली पितळी पाटी: 'आमचा वारसा'. जे यंत्र इथे माणसं वाचवत होतं, ते तिथे पाहुण्यांना दाखवण्याच्या कामाला लागलं. मी एकदा तिथे गेलो असता स्वागतकक्षातल्या मुलीनं मला ते कौतुकानं दाखवलं. त्या मुलीवर रागावण्यात अर्थ नव्हता म्हणून मी पाटीवर रागावलो.

पुढे तापाची साथ आली. यादगिरी एकटा, पट्ट्यांचे ढीग आणि भिंतीवर प्रत्येक रिपोर्टची मिनिटं मोजणारा पडदा. अफझलगंजच्या एका दुकानदाराची पट्टी त्या गर्दीत आली. रिपोर्ट साथीच्या तापाचा म्हणून गेला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी त्याच माणसाच्या रक्तात कर्करोगाच्या पेशी दिसल्या. आमची पट्टी पुन्हा काढून पाहिली. त्या पेशी तिथेही होत्या. थोड्या होत्या, पण होत्या. माणूस उपचार घेत होता, पण तीन आठवडे गेले ते गेलेच.

कंपनीनं यादगिरीला पत्र दिलं: निष्काळजीपणा कबूल करा आणि नोकरीवरून का काढू नये ते लिहा. ते मिळाल्यापासून तो कोणाशी बोलत नव्हता. डबा उघडायचा आणि तसाच मिटायचा. आम्हीही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. उद्या ही पाळी आपल्यावर आहे हे प्रत्येकाला कळत होतं.

बाई बसल्या. नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "कैसा हुआ, यादगिरी?"

तो पट्टीवरून डोळा न काढता म्हणाला, "मेडम, आप सबको पूछ रहे, कैसा हुआ, कैसा हुआ. घर में कोई मरा तो पूछते वैसा. मरा नै मेडम. मारे."

मग त्यानं डोळा वर केला.

"दो बार लिख के दिया मैं. 'सेकंड नजर बंद नक्को करो, गलती होती.' मॅनेजर साब सही करके लिये." त्यानं खण उघडून दोन कागद बाहेर काढले. खाली मॅनेजरची पोच होती. "आँख मेरी चूकी, मैं मानतूँ. मगर दूसरी आँख कौन निकाला? वो कौन लिखता कबूल है करके?"

मी दारात कागद घेऊन उभा होतो. बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एखाद्या घरी समाचाराला जावं आणि तिथे गेल्यावर कळावं की मयताच्या मानेवर वळ आहेत, तसा तो झाला होता. त्या उठल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुलकर्णी, मला चहा सांगा."

चहा येईपर्यंत त्या खिडकीतून बाहेर पुस्तकांच्या गाड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकले मी. दोन आठवडे चुकीच्या घरात बसले. ही माणसं खचलेली नाहीत हो. चिडलेली आहेत. खचलेल्याला आधार द्यावा, चिडलेल्याला उत्तर द्यावं. चिडलेल्याला आधार देणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं, फक्त हात मऊ."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय! आता माझं मनोबल वाढलंय."

त्याच सुमाराला मुख्य कार्यालयातून मनुष्यबळ प्रमुख आले. तरतरीत, सौजन्यपूर्ण, वाक्याच्या शेवटी हसणारे गृहस्थ. त्यांनी बाईंकडे एक तक्ता मागितला. सगळ्यांची नावं तीन रंगांत वाटायची: हिरव्यात परिवर्तन स्वीकारलेले, पिवळ्यात काठावरचे, लाल रंगात न स्वीकारणारे. "हे फक्त त्यांना मदत करता यावी म्हणून," ते म्हणाले आणि हसले. मनोबल वाढवायला आलेल्या बाईकडून कोणाला काढायचं याची यादी करून घेण्याची ही युक्ती होती. मला वाटतं, आधीच्या सगळ्या फुग्यांचा, बिल्ल्यांचा आणि डोळे मिटण्याचा उपयोगही शेवटी हाच असावा: मिटलेल्या डोळ्यांनी कोण चुळबुळ करतं ते बघणं.

बाईंनी तक्ता करून दिला. हिरवा रकाना रिकामा. पिवळा रिकामा. लाल रकान्यात एकच नोंद: दुसरी नजर बंद करण्याच्या हुकुमाचा क्रमांक. सोबत चार पानांचा अहवाल, त्यातलं तिसरं पान सगळं दुसरी नजर बंद करण्याबद्दल, आणि यादगिरीच्या दोन्ही कागदांच्या प्रती. अहवाल मी टाईप केला, त्यामुळे मला पाठ आहे. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'या कर्मचाऱ्यांच्या मनोबलाला काहीही झालेलं नाही, त्यांना आपलं काम नीट करायचं आहे आणि ते करू दिलं जात नाही, एवढंच त्यांचं दुखणं आहे.'

प्रमुखांनी तो वाचला. त्या दिवशी वाक्याच्या शेवटी हसणं जमलं नाही.

"मॅडम, हे तिसरं पान आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही. ते तेवढं काढलं तर..."

"काढा की," बाई म्हणाल्या. "पण मग माझं नाव पण काढा. आणि एक सही केलेली प्रत मी यादगिरीला दिलीय सकाळीच. ती त्याच्या कामाच्या कक्षेत येते."

"आपण आमच्या वतीनं आला होतात, मॅडम."

"आले होते ना! तुमच्याच वतीनं सांगते. बाहेरचं कोणी सांगेल तेव्हा कोर्टात सांगेल."

तिसरं पान काढलं, नावही काढलं. कंपनीच्या मासिकात पुढे आमच्या शाखेतल्या 'यशस्वी मनोबल उपक्रमा'वर दोन रंगीत पानं आली. सोबत फोटो होता फुग्यांचा. बाईंना नंतर त्या कंपनीनंच काय, तिच्या ओळखीच्या कोणत्याही कंपनीनं बोलावलं नाही. मला हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं, गुडघे दुखत होते."

यादगिरीनं आपल्या खुलाशाला बाईंच्या सहीची ती प्रत आणि आपले दोन कागद जोडले. महिनाभर शांतता. मग पत्र आलं: सर्व बाबींचा सहानुभूतीनं विचार करून, ताकीद देऊन प्रकरण मिटवण्यात येत आहे. नोकरी राहिली. यादगिरी पुल्लारेड्डीपणा न करता, म्हणजे त्या बड्या मिठाईवाल्याचा झगमगीत डबा वगैरे न घेता, साध्या पुड्यात पेढे घेऊन बाईंच्या घरी निघाला. मला म्हणाला, सोबत चला.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. पेढ्यांना हात लावला नाही.

"ताकीद कशाची रे?"

"नौकरी बच गई ना मेडम. बस हो गया."

"नोकरी वाचली, चूक तुझ्याच नावावर राहिली. फाईलमध्ये हे पत्र राहणार. उद्या परत काही झालं की हेच काढतील, आधीचीच ताकीद आहे म्हणून. आणि दुसरी नजर? तिचा एक शब्द आहे का यात? त्या अफझलगंजच्या माणसाला कोणी काही सांगितलं का?"

यादगिरी खाली बघत राहिला. तो घाबरला होता आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. दोन मुली शिकत होत्या. मलाच बाईंचा राग आला. मी म्हटलं, "बाई, तुमचं ठीक आहे. तुम्हाला पेन्शन आहे."

त्यांनी पत्राची घडी घालून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "हौ, आहे पेन्शन. कशाची आहे सांगू? कारखान्यात तीन विभाग बंद झाले माझ्या डोळ्यांसमोर. तिन्ही वेळा मी घरोघर जाऊन बसले, कसं झालं म्हणून विचारलं. लोक रडले, मोकळे झाले, मला हात जोडले. आणि कोणी काही मागितलं नाही. एका बाईनं विचारलं होतं मला, कोणी ठरवलं हे? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. लोकांना शांत करणं फार सोपं असतं, कुलकर्णी. आपली माणसं मुळात सभ्य असतात. त्या सभ्यपणाचं पेन्शन खाते मी."

बाहेर भाजीवाला तेलुगूत ओरडत गेला. यादगिरीनं पेढ्याचा पुडा बांधून पिशवीत टाकला, आणि कागद मागितला.

ते पत्र त्यानं स्वतःच्या हिंदीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं, बाईंनी त्यातली माझी सगळी विशेषणं खोडली. "विशेषण लिहिलं की त्यांना वाटतं आपल्याकडे पुरावा नाही," त्या म्हणाल्या. सहा आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ताकीद मागे घेण्यात येत आहे. कारण दिलेलं नव्हतं.

मी फोन करून बाईंना वाचून दाखवलं. त्या तेव्हा दवाखान्यात होत्या, गुडघ्यांसाठी असं त्या म्हणत होत्या. छातीचं होतं हे मला मागून कळलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "चूक आमची होती, असं आहे का त्यात?"

"नाही."

"सूक्ष्मदर्शक परत देतो?"

"नाही."

"मग लिहा अजून एक."

नवव्या दिवशी शैलजाबाई गेल्या. त्यांच्या मुलीनं कळवलं तेव्हा दुपारची गर्दी होती आणि मी प्रिंटरमधला अडकलेला कागद काढत होतो. रझिया आपांना सांगितलं. त्यांनी समोरच्या माणसाच्या दंडावरचा पट्टा सोडला, त्याला म्हणाल्या, "दो मिनट बैठो बाबा," आणि थेट यादगिरीच्या टेबलाशी गेल्या. "वो चिट्ठी किधर है? लिखे की नै अभी तक?"

लिहिली होती, पण पाठवली नव्हती. खरं सांगायचं तर ती माझ्याच खणात पडून होती. ताकीद गेली होती, यादगिरी जेवायला लागला होता. आता कशाला, असं मला वाटत होतं. मी ती काढून दिली. आपांनी ती वाचली नाही. इंग्रजी त्यांना येत नाही. मला म्हणाल्या, "तुम पढो. जोर से."

मी मोठ्यानं वाचली. पत्रात दोनच मागण्या होत्या: दुसरी नजर पुन्हा सुरू करा, आणि त्या दुकानदाराच्या घरी जाऊन काय झालं ते त्यांना सांगा. वाचून होईपर्यंत सगळे जमले होते. रक्त द्यायला आलेली माणसंही ऐकत होती. मॅनेजर दार उघडून बाहेर आले, उभे राहिले आणि परत आत गेले.

यादगिरीनं सहीसाठी पेन उघडलं. आपांनी त्याच्या हातातून ते काढून घेतलं, त्याच्या नावासाठी ठेवलेल्या जागेच्या वर, उजवीकडून डावीकडे, सावकाश आपलं नाव लिहिलं आणि पेन पुढे दिलं. आम्ही अकरा जण उरलो होतो. कागदावर अकरा सह्या झाल्या. शेवटची माझी आहे.